कापलेलं उत्तर

गंगाराम पखवाजवाल्याचं डोकं फिरायला फारसं कारण लागत नसे. पण त्या दिवशी मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारात, अस्लमच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानासमोर ते फिरलं, तेव्हा कारण होतं आणि चांगलं भक्कम होतं.

मुंबईच्या एका कंपनीने काढलेली लाँगप्ले तबकडी अस्लमने आदल्याच दिवशी मागवून घेतली होती. पाकिटावर दोन भजनी बुवांचे फोटो. डावीकडे सत्यवानबुवा, उजवीकडे गुरुदासबुवा, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'प्रत्यक्ष देवळात रंगलेली बारी'. अस्लमने बॅटरीवरचा फोनो फळीवर मांडला आणि सुई टेकवली. भाजीवाल्या, गिऱ्हाइकं, गाडीची वाट बघणारे, सगळे गोळा झाले. रंगलेली बारी घरबसल्या ऐकायची म्हणजे काय चेष्टा होती का त्या काळी!

बारी म्हणजे दोन बुवांचा सामना. एकाने गाऊन प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने गाऊनच उत्तर द्यायचं. उत्तर सुचलं नाही की मान खाली घालायची. ही बारी माघातल्या सप्ताहात गंगारामाच्याच गावच्या देवळात झाली होती आणि गुरुदासबुवांना साथ होती गंगारामाच्या पखवाजाची. पुढे ज्येष्ठात बुवा गेले. दोन दिवस ताप आला आणि तिसऱ्या दिवशी माणूस नाही. आता दिवाळी. बुवांचा आवाज यापुढे कुणाला ऐकायचा झाला तर तो या एकाच तबकडीतून ऐकायचा होता. म्हणून गंगाराम सहा मैल चालत आला होता आणि सगळ्यांच्या पुढे, फोनोला नाक लावून बसला होता.

पहिले दोन अभंग झाले. मग सत्यवानबुवांचा प्रश्न आला. भरताने पादुका नेल्या, मग चौदा वर्षं वनात रामाच्या पायाला काटा कसा नाही रुतला? प्रश्न संपला आणि टाळ्या. अशा टाळ्या की फोनो फुटतो की काय. आणि टाळ्या सरतात तोच सत्यवानबुवांचा पुढचा गजर.

"उत्तर खंय गेला?" गंगाराम ओरडला.

"कसला उत्तर?" अस्लम म्हणाला.

"बुवाचा! गुरुदासबुवाचा! मागे घे ती सुई."

अस्लमने तीन वेळा सुई मागे घेतली. तिन्ही वेळा तेच. गंगारामाने डोळे मिटले आणि नुसते कान लावले. चाळीस वर्षं पखवाज लावलेले कान ते, कुणी पखवाजाच्या डाव्या तोंडावर कणीक किती थापली आहे ते चार घरं पलीकडून सांगणारे. त्या देवळाच्या मंडपात आवाज एकदम मरत नाही. वासे धरून, कौलांखालून एक फेरी मारतो आणि मग विझतो. प्रश्नाचं शेवटचं अक्षर मात्र कोयता मारल्यासारखं तुटलं होतं. त्याला विझू दिलंच नव्हतं. तुटल्या जागी टाळ्या आणून चिकटवल्या होत्या. आणि त्या टाळ्यांत बायका हसत होत्या.

"आयकलास?" गंगाराम गर्दीकडे वळला. "बायलो हसतत! प्रश्न आयकान कोण हसता रे? ह्यो टाळयो बुवाच्यो आसत. कातरी लावन सत्यवानाच्या प्रश्नाक चिकटयल्यानी. कंपनीवाले चोर, मेल्यांका लाज नाय!"

गंगारामाचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. गुरुदासबुवांनी उत्तर दिलं होतं, आणि काय दिलं होतं! सीता ही धरतीची लेक. म्हणजे धरती रामाची सासू झाली. जावई अनवाणी अंगणात आला तर कुठली सासू त्याच्या पायात काटा रुतू देईल? पायाखालचा काटा धरतीने आपल्या पोटात ओढून घेतला. हे ऐकल्यावर आधी बायकांची बाजू खदखदली, मग पुरुषांची, आणि सत्यवानबुवांनी स्वतः झांज खाली ठेवून हात जोडले. पाच-सहाशे माणसांनी हे डोळ्यांनी बघितलं होतं.

त्यातलाच एक महादू. मंडपात पहिल्या रांगेत बसून टाळ्या पिटणारा. तो आता अस्लमच्या फळीला टेकून विडी ओढत म्हणाला, "पण गंगारामा, तबकडी खोटा कशी बोलतली? बुवा अडाकले आसतीत. आपणाक तेवा समाजला नसात."

गंगारामाच्या अंगाचा तिळपापड झाला. महादूच्या तोंडातली विडी त्याने हिसकून रस्त्यावर फेकली. मारामारीच व्हायची, पण अस्लम मध्ये पडला.

तबकडी चालली, आणि खूप चालली. कट्ट्याला, मालवणला, पार कणकवलीपर्यंत. जिथे वाजेल तिथे गुरुदासबुवा दर वेळी प्रश्न ऐकून गप्प बसत आणि हरत. मेलेला माणूस रोज हरायचा आणि ज्यांनी त्याला जिंकताना बघितलं तेच माना डोलवायचे. याचाच गंगारामाला जास्त संताप. कंपनीला काय, मुंबईत बसून तिने कातरी चालवली. पण यांचे स्वतःचे कान कुठे गेले? सत्यवानबुवांना कुणी विचारलं तर ते गळ्यातल्या माळेला हात लावून नुसते हसायचे. त्या हसण्याला काय म्हणायचं ते गंगाराम चारचौघांत बोलून दाखवायचा. इथे लिहिण्यासारखं ते नाही.

बोलायला त्याने कुठली जागा सोडली नाही. बाजारात, बंदरावर, न्हाव्याकडे, लग्नाच्या पंगतीत पानावर बसूनसुद्धा. आवाज कुठे तुटला, टाळ्या कुठे जोडल्या, बायका का हसल्या, कंपनीचे लोक कसे हरामखोर. लोक ऐकायचे, हं हं करायचे आणि पुढचा भात मागायचे.

बुवांची बायको जानकी विहिरीवर गेली की बायका एकदम गप्प व्हायच्या. एकदा एकीने कीव करून म्हटलं, "जावंदे गो, म्हातारपणात कोणय अडाकता." जानकी भरलेली घागर तिथेच ओतून रिकाम्या हाताने घरी आली. गंगारामाला ते कळलं तेव्हा तो तसाच तिच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, जाऊन उभा राहिला.

"वैनी, माघात तो रेकॉर्डवालो परत येतलो. तेची मानगूट धरून सगळ्या गावासमोर खरा भायर काढतंय. नायतर पखवाजाक हात लावचंय नाय."

 जानकीने त्याला बसायला पाट दिला, एवढंच.

माघ आला. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी सकाळीच कंपनीची गाडी देवळासमोर लागली. रेकॉर्डिंगवाले वागळे साहेब, चष्मेवाला, किरकोळ माणूस, मंडपात वायरी पसरत होते. गंगाराम त्यांच्या वायरीवरच पाय देऊन उभा राहिला. आजूबाजूला वीस-पंचवीस माणसं जमली. गंगारामाने ती मुद्दाम बोलावली होती.

"साहेब, मागच्या वर्षी गुरुदासबुवांनी उत्तर दिलं होतं. ते तुम्ही कापलं. होय की नाय?" साहेबाशी बोलायचं म्हणून त्याने पुस्तकी मराठी धरली होती.

"कापलं," वागळे म्हणाले.

गंगाराम क्षणभर गडबडला. त्याला वाटलं होतं माणूस नाकारेल, आणि पुढची सगळी तयारी नाकारण्याची धरून केलेली.

"आणि टाळ्या? त्या चिकटवल्या?"

"चिकटवल्या. इतक्या झकास टाळ्या फुकट घालवायच्या का? तबकडीच्या एका बाजूला वीस मिनिटं मिळतात. सगळं थोडंच बसतं!"

"वीस मिनटां!" गंगारामाचं पुस्तकी मराठी संपलं. "तुझ्या वीस मिनटांपायी माझो बुवा गावोगाव हरता! तुका कापूक तेवडाच गावला? सत्यवानाची लांबण कापूक काय झाला व्हता? माणूस मेलो, तेचो आवाज परत येवचो आसा काय?"

वागळ्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांनाही राग आला होता, पण त्यांचा राग थंड होता. "आपण त्या दिवशी पखवाजावर होता ना? मी आपल्याला कुठे बसवलं होतं?"

"थय. खांबाकडे."

"मायक्रोफोनपासून सहा हात लांब. जमिनीवर खडूची रेघ ओढून दिली होती. कणीक बदलू नका, बारी संपेपर्यंत वाद्याचा आवाज आहे तसाच ठेवा, असं दोनदा सांगितलं होतं. खरं का?"

गंगाराम वायरीवरचा पाय काढून बाजूला झाला. वागळे गाडीकडे गेले आणि फितींचा एक डबा घेऊन आले. जुन्याच फितींवर यंदाचं रेकॉर्डिंग करायचं म्हणून ते मागच्या वर्षीच्या फिती घेऊन आले होते. एक फीत त्यांनी यंत्रावर चढवली, पुढे पळवली, थांबवली, आणि कळ दाबली.

सत्यवानबुवांचा प्रश्न आला. शेवटचं अक्षर कौलांखालून फिरून नीट विझलं. मग थोडी शांतता, कुणाचा तरी खोकला, पेटीचा सूर. गुरुदासबुवांनी श्वास घेतला. तो श्वास ऐकून गंगारामाच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग धडाम! फाटका, फुटका, पत्र्यावर दगड पडावेत तसा आवाज. धडाम, धडाम, धडाम. त्याच्या खाली कुठेतरी एक माणूस गात होता. काय गात होता ते कुणालाच कळत नव्हतं. मग बायका हसल्या आणि टाळ्या सुरू झाल्या.

वागळ्यांनी यंत्र बंद केलं. "तीन दिवस बसलो होतो यावर. एक शब्द निघाला नाही. हे असं तबकडीवर घातलं असतं तर लोकांनी बुवांना काय म्हटलं असतं ते सांगा."

गंगारामाला सगळं आठवलं. इकडची ही जुनी रीत. बुवा उत्तराचा गजर धरतात तेव्हा पखवाजवाल्याने पुढे सरकून त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावायचा, म्हणजे समोरच्याला कळावं की आता हटत नाही. त्या दिवशी तो सरकला, खडूची रेघ ओलांडून, थेट मायक्रोफोनच्या तोंडाशी. आणि प्रश्न चालू असतानाच पखवाजाच्या डाव्या तोंडावर मुठीएवढी ताजी कणीक थापली होती. आपला पखवाज मुंबईपर्यंत ऐकू जावा म्हणून. बुवा जिंकणार हे त्याला ठाऊक होतं. त्याला त्यात आपलाही आवाज हवा होता.

जमलेली माणसं एकेक करून सटकली. महादू तेवढा थांबला होता. तो तोंड उघडणार एवढ्यात गंगारामाच्या चेहऱ्याकडे बघून तोही गेला.

"ही फीत माका दी," गंगाराम म्हणाला.

"काय करणार? वाजवायचं यंत्र आहे?"

"नाय."

"मग?"

 संध्याकाळी त्या फितीवर नवीन बारी चढली.

जानकीला काय सांगायचं? एक वाट सोपी होती. साहेबाने कबूल केलं, उत्तर कापलं, टाळ्या चिकटवल्या. एवढंच सांगायचं आणि उठायचं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापासून जानकीच्या घरापर्यंत गंगाराम हेच पाठ करत गेला. पण खळ्यात पोचल्यावर, तिने पाट मांडल्यावर, त्याला ते जमेना. त्याने सगळं सांगितलं. रेघ, कणीक, गुडघा, सगळं. स्वतःला चार शिव्या दिल्या, कंपनीला आठ.

जानकी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती शांत बाई, आवाज चढवणारी नव्हे. त्या दिवशी तिचा आवाज चढला.

"भावजीनू, चार म्हयने तुमी कंपनीक गाळी घातल्यात. बाजारात उभे रवान, लगनात जेवताना. आणि तुमची चूक सांगूक हय इल्यात? माझ्या खळ्यात, माका एकटीक?"

"वैनी..."

"आयका. मी बाजाराक जातंय, लगनाक जातंय. माझे कान फुटाक नाय. आवाज खंय तुटलो, टाळयो खंय जोडल्यानी, बायलो कित्याक हसली, सगळा आयकलंय तुमच्या तोंडातसून. पण बुवान उत्तर काय दिल्यान, ता चार म्हयन्यात एकदा तरी कोणाक सांगल्यात?"

गंगाराम आठवू लागला. बंदरावर, न्हाव्याकडे, पंगतीत. अस्लमच्या दुकानासमोर तर सगळा बाजार कान देऊन उभा होता. उत्तर मात्र त्याने एकदाही सांगितलं नव्हतं.

"ता तुमका पाठ आसा. येक शबुद चुकाचो नाय," जानकी म्हणाली. "आणि बोलल्यात काय, तर कातरी!"

गंगाराम पाटावर ताठ बसला. त्याने बुवांचा गजर धरला, "सीता भूमीची लेक..."

"माका कित्याक सांगतास?" जानकी म्हणाली. "मी पुढ्यातच बसलेलंय तेवा. जावा, कट्ट्याक जावा."

त्या दिवशी कट्ट्याचा बाजार भरलेला होता. तिकडे जाणाऱ्या गाडीला अजून तासभर अवकाश होता. गंगाराम उठला आणि चालतच निघाला.