मॅटीच्या हातचा चहा

भुतंबितं मी मानत नाही. पण त्या घरातली ती खोली माझा पिच्छा सोडत नाही. भर दुपारी, कुकर लावताना सुद्धा.

१९८४ साली आम्ही पेनसिल्व्हेनियात होतो. त्र्यंबक, माझा नवरा, पीएचडी करत होता आणि मी बेकरीत कामाला जायचे. मॅटी त्याच बेकरीत कामाला. ती आमिश घरातली. वीज, मोटार, फोटो सगळं वर्ज्य मानणाऱ्या लोकांतली. एकोणिसाव्या वर्षी बाप्तिस्म्याची शपथ घेतली नि पुढं ती मोडून बाहेर पडली, म्हणून पंथानं तिला वाळीत टाकलं. घरी जायला बंदी नव्हती. पण तिचं ताट वेगळ्या टेबलावर, आणि तिच्या हातून कुणी काही घ्यायचं नाही. सख्ख्या आईनंसुद्धा! "जळो मेला तो नियम," मी मराठीत करवादायचे. मॅटीला शब्द कळत नसत, तरी हसायची.

मार्चमध्ये निरोप आला, आई आता फार दिवसांची नाही. मॅटीनं मला एवढंच विचारलं, "शेवटी तरी माझ्या हातून घोटभर काही घेईल का गं ती?" मी गाडी काढली.

घर गारठलेलं. भिंतीवर एक चित्र नाही. पांढऱ्या टोप्यांतल्या तिच्या दोघी बहिणी आईच्या खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. मॅटीनं पुदिन्याचा चहा चमच्यात घेऊन आईच्या ओठांशी धरला. म्हातारीची वाचा गेली होती, पण शुद्ध होती. तिनं ओठ घट्ट मिटले. चहा निवला. मॅटीनं दुसरा चमचा भरला, मग तिसरा. हात तिनं खाली घेतला नाही.

माझं डोकंच सणकलं. "पुरे झाला तुमचा देवधर्म!" म्हणत मी मॅटीच्या हातून चमचा हिसकला आणि चहा म्हातारीच्या तोंडात घातला. मी परकी, माझ्या हातून घ्यायला आडकाठी नव्हती. तिनं गिळला. पण बघत होती मॅटीकडे, शेवटपर्यंत.

परतताना मीच बडबडत होते. "अगं, प्यायली ना! कुणाच्या का हातून असेना."

मॅटी म्हणाली, "शरयू, तू चमचा ओढलास, त्याच्या आधीच तिनं तोंड उघडलं होतं."

"छे गं, काहीतरीच!"

"माझ्यासाठी उघडलं होतं."

दुसऱ्या दिवशी आई गेली. मॅटीनं मला बोल लावला नाही, फक्त बेकरी सोडली.

त्र्यंबकला मी शंभरदा सांगितलंय की ओठ मिटलेलेच होते. खोटं बोलले. ते उघडताना मी पाहिले होते. पण तोवर माझा हात पुढं गेला होता, आणि मला तो मागं घ्यायचा नव्हता.