मधलं नाव

माझ्या भाऊजींना एक घाणेरडी सवय आहे. काम असलं की ते समोरच्याची स्तुती करतात. शनिवारी दुपारी मी कॉव्हेंट्रीला त्यांच्या घरी पोचले आणि कोट काढायच्या आतच ते म्हणाले, "या, या! आमच्या घरच्या वकीलीणबाई आल्या!" जेवणाचं नुसतं निमित्त आहे, हे मला तिथेच कळलं.

मी वकील नाही. बर्मिंगहॅमच्या एका सॉलिसिटरकडे घरांच्या खरेदी-विक्रीची कागदपत्रं तपासते. घर कुणाच्या नावावर आहे, त्यावर कर्ज आहे का, कुणाचा हक्क लपलाय का, एवढंच. भाऊजींना, म्हणजे मीनलताईच्या नवऱ्याला, प्रमोद गजभियेंना, हे काम आजवर कारकुनी वाटत आलंय. चारचौघांत ओळख करून देताना "आमची गिरिजा, ऑफिसात असते" असं म्हणून ते पुढे सरकतात. त्या शनिवारी मात्र मी वकीलीण झाले.

ताईनं वांग्याचं भरीत केलं होतं. तिनं ते वाढलं आणि ती पुन्हा आत गेली. बसली नाही. बाहेरच्या खोलीत सोफ्यावर आंदणाची भांडी मांडली होती. नागपूरहून आणलेली, स्टीलची, प्रत्येकावर मशीननं टिपके टिपके करून नाव कोरलेलं. अक्षयाचं लग्न तोंडावर आलं होतं.

अक्षया त्यांची एकुलती एक मुलगी. बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. इथेच जन्मलेली, मराठी मोडकंतोडकं, पण पोरगी सरळ. नवरा मुलगा सुयश रामटेके, मूळचा नागपूरचा, आता टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेला कुठेतरी सॉफ्टवेअरमध्ये. इंग्लंडला दोनदा येऊन गेला होता. अक्षयाला तो मनापासून आवडला होता. त्याचा फोन आला की ती जिना चढताना गुणगुणायची. सोमवारी ती नोकरीचा राजीनामा देणार होती. विहारात मंगल परिणय ठरला होता. कायद्याचं रजिस्ट्रेशन तेवढं "नंतर, निवांत". असं का, म्हणून मी एकदा विचारलंही होतं. "तिकडचे पेपर्स असतात गं," असं उत्तर मिळालं होतं.

भरीत संपायच्या आत भाऊजींनी लॅपटॉप पुढे सरकवला.

"गिरिजा, तिकडच्या काउंटीचे रेकॉर्ड्स म्हणे ऑनलाइन असतात. सुयशचं घर जरा चेक कर ना. त्याच्या एकट्याच्या नावावर आहे ना, एवढंच बघ."

मला वीट आला. मुलाची चौकशी म्हणजे तो रागीट आहे का, पितो का, बायकोशी कसा वागेल, हे विचारायचं असतं. या माणसाला भिंती मोजायच्या होत्या. पण मी म्हटलं, बघते. माझ्या भाचीसाठी बघते.

टेक्सासचा कारभार आपल्या इंग्लंडसारखा नाही. इथे पत्ता टाकला की मालक सापडतो, एकाच ठिकाणी. तिथे काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, दोन दारं ठोठावावी लागतात. एक कर ठरवणाऱ्यांचं. तिथे घर, पत्ता आणि कराच्या बिलावरचं नाव दिसतं. दुसरं काउंटी क्लार्कचं. तिथे दस्त नोंदवतात आणि ते माणसाच्या नावानं शोधावे लागतात. पहिल्याच दाराशी जो थांबतो त्याला अर्धीच गोष्ट कळते.

पहिल्या दाराशी काम पटकन झालं. रामटेके, सुयश बी. खाली पत्ता, वर घराचा फोटो. विटांचं, दोन गाड्यांच्या गॅरेजचं मोठं घर.

"बघ! एकट्याचंच!" भाऊजींनी मांडीवर थाप मारली. "मीनल, गोड आण काहीतरी!"

"थांबा," मी म्हटलं. "क्लार्ककडे बघायचंय अजून."

"आता कशाला?"

का कुणास ठाऊक, त्यांच्या त्या "कशाला"चा मला राग आला आणि मी मुद्दाम दुसरी वेबसाइट उघडली. दस्तांचे फोटो तिथे सगळ्यांना दिसत नव्हते, पण सूची दिसत होती. एक खरेदीचा दस्त. त्याच दिवसाचा दुसरा, डीड ऑफ ट्रस्ट.

भाऊजी खुर्चीतून अर्धे उठले. "ट्रस्ट? घर ट्रस्टला देऊन टाकलं? कुठल्या ट्रस्टला?"

आमच्या विहाराच्या ट्रस्टचे ते अध्यक्ष आहेत. ट्रस्ट म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे पहिली रांग, हार आणि माईक एवढंच येतं. "लीलावतीबाईंचं काम हे," ते म्हणाले. लीलावतीबाई म्हणजे सुयशची आई. "मुलाचं घर परस्पर दान करून बसल्या! आणि मला एका शब्दानं नाही सांगितलं!"

"अहो, दानबिन काही नाही. तिकडे गहाणखतालाच असं म्हणतात. बँकेचं कर्ज आहे, बास."

ते खाली बसले. दानाच्या कल्पनेनं त्यांना घाम फुटला होता आणि विहाराच्या इमारतीसाठी दान द्या म्हणून दर रविवारी हाच माणूस लोकांच्या मागे लागतो. मी स्क्रीनकडे वळले, आणि त्या गहाणखताच्या ओळीत मला दोन नावं दिसली.

रामटेके सुयश भीमराव. रामटेके वरदा सुयश.

मी ती ओळ पुन्हा वाचली. खरेदीच्या दस्तात तो एकटाच होता. गहाणखतावर सही मात्र दोघांची.

"ही वरदा कोण?" मी विचारलं.

"बहीण असेल." उत्तर फार पटकन आलं. "आडनाव तेच आहे ना. बहीणच."

टेक्सासमधल्या ज्या क्लार्कनं हे टाइप केलं त्याला त्यात काहीच वाटलं नसेल. त्याच्या लेखी सुयश हे त्या बाईचं नुसतं दुसरं नाव. पण भाऊजींनी मला टेक्सासचा क्लार्क समजायचं काही कारण नव्हतं.

"भाऊजी, सुयशच्या वडिलांचं नाव भीमराव. बहीण असती तर ती वरदा भीमराव असती. ही वरदा सुयश आहे. मधे सुयश कुणाच्या असतं? त्याच्या मुलीच्या, नाहीतर त्याच्या बायकोच्या. आणि कर्जाच्या कागदावर सही करण्याएवढी मुलगी त्याला असणार नाही."

त्यांनी ताट बाजूला सरकवलं. मला वाटलं, माणूस हादरला. मला दयाही आली, खरंच आली. मी उठून त्यांना पाणी आणायला निघाले.

"माहितीये मला," ते म्हणाले.

मी तिथेच थांबले.

"लीलावतीबाईंनी सांगितलंय. ते सेपरेट राहतात, ती त्या घरात, हा दुसरीकडे. पटत नव्हतं. पेपर्स होतील कधीतरी. तू उगाच त्यात पडू नकोस. मला एवढंच सांग, कराच्या बिलावर त्याचं एकट्याचं नाव आहे, मग ती घर मागू शकते का?"

म्हणजे लग्न झालेलं आहे हे यांना ठाऊक होतं. रजिस्ट्रेशन "निवांत" का, तेही ठाऊक होतं: पहिलं लग्न मोडल्याशिवाय दुसरं नोंदवताच येत नाही. मुलीला विहारात उभं करायचं, फोटो काढायचे, आणि कायद्यानं ती कुणाची कोणीच नाही. आणि मला बोलावलं होतं ते ती दुसरी बाई घराचा वाटा मागेल की काय, हे बघायला!

"लग्नानंतर घेतलेलं घर टेक्सासमध्ये दोघांचं धरतात," मी म्हटलं. "नाव कुणाचंही असो."

"म्हणजे अर्धं?" त्यांचा चेहरा पडला. आत्ता पडला. "अर्धं घर जाणार?"

दर चौदा एप्रिलला हा माणूस कडक इस्त्रीचा शर्ट घालून भाषण करतो. बाबासाहेबांनी बाईला मालमत्तेचा हक्क मिळावा, घटस्फोटाचा हक्क मिळावा, नवऱ्याला दुसरी बायको करता येऊ नये, म्हणून मंत्रिपदावर लाथ मारली, हे सांगताना याचा गळा दाटून येतो. मी स्वतः पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यात. आता तोच गळा अर्ध्या घरासाठी दाटला होता. मला त्या शर्टाची, त्या गळ्याची, समोरच्या ताटाची, सगळ्याची किळस आली.

"अक्षयाला सांगितलंत?"

"सांगू ना. लग्नानंतर. तिला उगाच टेन्शन कशाला? असा मुलगा पुन्हा मिळणारेय का? आपल्या समाजातला, शिकलेला, अमेरिकेत—"

"ताई!" मी हाक मारली.

ताई दारातच उभी होती. किती वेळ, कोण जाणे. ती माझ्याकडे न बघता पदराला हात पुसत राहिली, हात कोरडे असूनही. तिलाही माहीत होतं. भाऊजींचं वाईट मला सोसलं असतं. लहानपणी माझी वेणी घालणाऱ्या बाईनं हे गिळून भांडी कोरून आणावीत, हे मला सोसेना.

मी सोफ्यावरचा एक डबा उचलला.

"अगं, तो आंदणातला आहे," ताई पुटपुटली.

"दिसतंय मला," मी म्हटलं आणि बाहेर पडले. गोड कुणी आणलं नाही.

रविवारी अक्षयाची ड्यूटी होती. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये तिला गाठलं. निळ्या युनिफॉर्ममध्ये ती हसत आली, सँडविच घेऊन.

"मावशी, तू इथे कसा काय? इज एव्हरीथिंग ओके?"

सांगायचं कसं, याची मी ट्रेनमध्ये खूप तयारी केली होती. दस्त, सूची, गहाणखत. तिला बघितल्यावर त्यातलं काही बोलवेना. मी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला.

"हे वाच."

ती लहानपणी रविवारच्या मराठी वर्गाला जायची. बोट ठेवून अक्षर अक्षर जुळवत वाचू लागली. "सौ. व्हॉट्स सौ? ओह, मिसेस. अ-क्ष-या. सु-य-श. रा-म-टे-के." ती लाजली. "ऑ, आईने माझा नवीन नाव टाकला! पण मधे सुयश का? माझा मिडल नेम तर प्रमोद आहे. डॅडचा."

"आपल्यात तसंच असतं. लग्नाआधी मधे वडिलांचं नाव. लग्नानंतर नवऱ्याचं."

"ऑलवेज?"

"नेहमी."

"ओके. बिट वीअर्ड." ती अजून हसतच होती. मी फोन उघडून टेक्सासच्या सूचीतली ती ओळ तिच्यापुढे धरली. हे सुयशच्या घराच्या कर्जाचं रेकॉर्ड आहे, एवढंच सांगितलं. बाकी तिनंच वाचलं, आणि ते इंग्रजीत असल्यामुळे तिला बोट ठेवावं लागलं नाही.

सँडविच तसंच राहिलं. शेजारच्या टेबलावर कुणीतरी खुर्ची ओढली. अक्षयानं डब्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं, पुन्हा डब्याकडे.

"वरदा सुयश," ती म्हणाली. "ही त्याची वाइफ आहे."

"हो."

"आत्ता पण?"

"घटस्फोट झालेला नाही. ती त्याच घरात राहते. तुझे डॅडच म्हणाले."

"डॅडला माहिती होता?"

"हो."

"आईला?"

त्या डब्यावरची नावं कुणी कोरून आणली होती, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी मान डोलावली. तिचे डोळे भरले; पण ती रडली नाही, तिनं नाक ओढलं आणि युनिफॉर्मच्या बाहीनं डोळे पुसले.

"आणि वरदाला? माझ्याबद्दल तिला कोणी सांगितला?"

काल त्या घरात वरदाचं नाव घेतलं गेलं ते फक्त घराच्या अर्ध्या भागासाठी. ती बाई त्या घरात जिवंत आहे, तिला काही कळायला हवं, हे भाऊजींच्या डोक्यात नव्हतं, ताईच्या नव्हतं, आणि एवढी तणतणत बाहेर पडले होते तरी माझ्याही नव्हतं.

"राजीनाम्याचं काय करणारेस?" मी विचारलं.

"कुठला राजीनामा?" ती म्हणाली. फोनवर मागे जाऊन तिनं कराच्या पानावरचा तो पत्ता शोधला, विटांच्या घराचा, आणि स्वतःच्या फोनमध्ये उतरवून घेतला. मग डबा जवळ ओढून टिपक्यांवरून अंगठा फिरवला.

"हा तिलाच पाठवते मी," ती म्हणाली. "फक्त पहिला नाव चेंज करायचा, मावशी. बाकी सगळा ऑलरेडी तिचा आहे."