रॉसची चौकशी

रॉसनं दिलेलं हरणाचं मटण. पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं, फ्रीजरच्या तळाशी. सोमणांकडे अंडंसुद्धा चोरून खावं लागतं, पण प्रेमानं दिलेलं परत कसं करायचं?

शाळेचं कुंपण मुलांच्या कमरेएवढं आहे. फाटकाला कुलूप नाही.

कुणी स्थळाची चौकशी करायला आलं, की शेजाऱ्यानं चहा टाकावा आणि म्हणावं, "माणसं सोन्यासारखी आहेत हो." मुलगा पितो, हे चहाच्या घोटाबरोबर गिळावं.

शाळेच्या शेडमध्ये भिंतीला हातोडीनं पडलेलं भोक. त्यावर आता कॅलेंडर टांगलंय.

न्यूझीलंडमध्ये बंदुकीचा परवाना हवा असेल, तर पोलिसांचा माणूस अर्जदाराला ओळखणाऱ्या कुणाच्या तरी घरी येऊन बसतो आणि विचारतो: याच्या हाती बंदूक द्यावी का?

"अगं, दोन शब्द चांगले बोलायचे आणि मोकळं व्हायचं," विनिताचा नवरा विश्वनाथ सोमण म्हणाला. वेलिंग्टनहून तो नुकताच अप्पर हटमधल्या घरी पोचला होता आणि गळ्यातलं ऑफिसचं कार्डही अजून काढलं नव्हतं. "आपण कशाला कुणाच्या ताटात माती कालवायची?"

"आणि रॉस काय बोलला ते?" विनितानं विचारलं.

"रागात माणूस काहीही बोलतो. मी माझ्या मॅनेजरबद्दल रोज बोलतो."

"तुझ्याकडे रायफल नाहीये, विश्वा."

रॉस शाळेचा केअरटेकर होता. गवत कापणं, नळ दुरुस्त करणं, छपरावर गेलेले चेंडू काढणं, सगळं तोच. विनिता त्याच शाळेत टीचर एड होती. वाचनात मागे पडणाऱ्या मुलांना घेऊन बसायची. रॉसचा दहा वर्षांचा परवाना संपत आला, तेव्हा त्यानं अर्जात बिनदिक्कत तिचं नाव दिलं. "बायको गेली सोडून," तो म्हणाला होता. "मला ओळखणारं आता दुसरं कोण आहे, विन?"

पण मध्ये ती सकाळ होती. मुख्याध्यापिकेनं त्याचे तास कमी केले ती. विनिता गोंद आणायला शेडमध्ये गेली आणि त्यानं तिच्यासमोर भिंतीत हातोडी घातली. मग अगदी शांतपणे म्हणाला, "रायफल आज घरी राहिली, हे त्या बाईचं नशीब. उद्याचं कोणी सांगावं?" विनिता हसली. गोंद घेऊन वर्गात गेली आणि तिला मुलांच्या पुस्तकातली अक्षरंच दिसेनात.

"पोलीस आहेत, कायदा आहे," विश्वनाथ म्हणाला. "ते बघतील की."

"कायदा उद्या संध्याकाळी आपल्या सोफ्यावर येऊन बसणार आहे. आणि त्याच्याकडे माझ्याशिवाय दुसरं काही नाहीये. मी चहा पाजून पाठवला, की संपला कायदा."

विश्वनाथनं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "नोकरी त्याच शाळेत करायचीय तुला. रोज तोंड बघायचंय त्याचं."

"म्हणून तर आधी त्यालाच सांगणार आहे. पाठीमागून नाही बोलायचं मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी रॉस फाटकापाशी ब्लोअरच्या वाऱ्यानं पानं गोळा करत होता. विनिता त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"किआ ओरा, विन," त्यानं माओरीत नमस्कार केला. "आज तुझी परीक्षा ना?"

"रॉस, तू शेडमध्ये जे बोललास, ते मी त्यांना सांगणार आहे."

ब्लोअर बंद झाला. पानं होती तिथे बसली.

"मस्करी होती ती."

"असेल. तू मस्करी म्हणतोस, तेही सांगेन. पण सांगेन."

"तू हसलीस तेव्हा!"

"भीती वाटली की मी हसते."

रॉसनं तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं. "माझी भीती?"

"हो. तुझी."

मागून चार पोरं अनवाणी, दप्तरं फेकत धावत आली. "मॉर्निंग, रॉस!" त्यानं त्यांना वाट करून दिली, आणि ब्लोअर पुन्हा सुरू केला.

संध्याकाळी आलेला माणूस निवृत्त पोलीस होता. त्यानं बूट दारात काढले, चिवडा दोनदा घेतला, आणि मग नेमका तोच प्रश्न विचारला. विश्वनाथ स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

विनिता म्हणाली, "माणूस चांगला आहे. पण आत्ता नको." मग हातोडी, भिंत, शब्द, सगळं सांगितलं. एकही शब्द मऊ केला नाही, एकही वाढवला नाही. मुलांचा विषय निघाला, तेव्हा कुंपणाची उंचीही सांगितली.

"बहुतेक लोक मला 'गुड ब्लोक', भला माणूस, एवढंच सांगतात," तो म्हणाला.

"गुड ब्लोक आहेच तो. तेही लिहा."

तो गेल्यावर विश्वनाथनं कप विसळायला घेतले. तिसरा कप विसळताना म्हणाला, "मला नसतं जमलं हां."

"माहितीय मला," विनिता म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर हसली. ही हसण्याची दुसरी जात होती.

परवाना त्या खेपेला नामंजूर झाला. रॉसच्या रायफली परवाना असलेल्या भावाच्या घरी गेल्या. रॉस शाळेत राहिला. गवत तितकंच नीट कापायचा, पण तिला 'विन' म्हणायचा बंद झाला. "मॉर्निंग, मिसेस सोमण," एवढंच. तीही मान ताठ ठेवून "मॉर्निंग, रॉस" म्हणायची आणि मधल्या सुट्टीत कुंपणापाशी जाऊन उभी राहायची, पोरांच्या कल्लोळात.

विनिताला गाडी चालवायला रॉसनंच शिकवलं होतं, कितीतरी वर्षांपूर्वी, २००१च्या उन्हाळ्यात, शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये.