रंगूची राखण

आवं, बसा जरा, घाई कसली? मेंढरं आत्ताच सावलीला टेकल्यात. तवर माज्या बायकूचं, रंगूचं सांगतो. तिच्यासारखी राखणदारीण आमच्यात दुसरी न्हवती, असं म्या चार वर्सं मिरवलं.

दिवाळी झाली की आमी घोड्यावर संसार लादून कराडकडं उतरतो, ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवतो. लांडग्याचं भ्या, चोराचं भ्या. पर मी बिनघोर घोरायचो. रंगू रातभर पोत्याला टेकून बसायची. "निजा तुमी, मी हाय जागी," म्हणायची.

शेजारच्या बिऱ्हाडातला बिरू म्हणायचा, "आकाराम, तुला कुत्रं पाळायची गरज न्हाई गड्या!" आमी हासायचो. तीबी हासायची आन् खोकत बसायची. म्या तर मोबाइलात तिचा फोटू काढून ठिवल्याला. तांबडं फुटताना, पोत्याला टेकून, डोळं टक्क उघडं.

पुढं ती चालताना मागं राहायला लागली. बांध चढली की कमरंवर हात ठिवून थांबायची. म्या वरडायचो, "का गं, म्हातारी झालीस का?" जोडवी बोटात रुतल्याली, पाय टम्म. म्हणलं, चालून सुजलं आसत्याल.

यंदा संक्रांतीला चढावर मटकन बसली. व्हट निळं. दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाई तरणीच. म्हणली, "मामा, मावशी रात्री आडव्या झोपतात का?"

"छ्या!" म्या छाती फुगवून सांगितलं. "चार वर्सं पाट टेकली न्हाई तिनं. राखण करती. ह्यो बगा फोटू."

बाईनं दोन बोटांनी फोटू मोठा केला. तोंड न्हाई बगितलं, पाय बगितलं. मग रंगूला ईचारलं, "लहानपणी सांधे सुजून ताप यायचा?"

रंगूनं व्हय म्हणून मान हालवली.

"त्या तापानं काळजाची झडप आवळत गेली, मामा. रक्त पुढं सरकत नाही, फुप्फुसात तुंबतं. आडवं झालं की जीव गुदमरतो, म्हणून बसून राहायच्या. लवकर आणलं असतं तर झडप उघडता आली असती."

म्या रंगूकडं वळलो. "मला सांगितलं का न्हाईस गं?"

दोन शब्दाला एक दम घेत ती म्हणली, "सांगितलं असतं... तर गावाकडं... ठिवून आला असता मला."

तिसऱ्या दिवशी गेली. बसूनच, माज्या खांद्यावर डोस्कं ठिवून. मानसांनी तिला आडवं केलं, तवा माजा हात मदी गेला बगा. म्हणलं, "आवं, तशी नगा निजवू, दम लागंल तिला."

जाताय? जावा. पर एक करा माज्यासाठी. घरी गेल्यावर बायकूला म्हणा, घटकाभर उताणी निजून दाव. आन् ती निजली की लगीच उठू नगा. तिचा श्वास ऐकत बसा थोडं.