हिरवं पान, चिमलेला दाणा

संशोधन केंद्रात तिला सगळे खलबत्ता म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. रोज सकाळी गव्हाची पानं बर्फात घालून आणायची, थंडगार खलात कुटायची आणि त्यांच्यातलं एन्झाइम किती जोमात आहे ते मोजायचं, यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. हवेतून अन्न बनवायचं काम हेच एन्झाइम करतं. ते वाढलं की पीक वाढणारच, असं प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांनी तिला शिकवलं होतं. सरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

शेवटी तसा गहू तिला सापडला. शेजारचे वाफे पिवळे पडले तरी याची पानं हिरवीगार, एन्झाइम दुप्पट. सरांनी लगोलग बियाणे कंपन्यांना तो बघायला आमंत्रणं धाडली. वाणाला नावही सरांचंच द्यायचं ठरलं.

पण पानं मोजणारे एका इमारतीत, दाणे तोलणारे दुसरीत, आणि दोघांत विस्तव जात नसे. तिचा नवरा नेमका दाणेवाला. घरी कामाचा विषय काढायचा नाही, असं लग्नातच ठरलेलं. जेवताना त्यानेच ते मोडलं.

"तुझे दाणे चिमलेत गं."

"तुम्हाला आमचं बरं बघवतच नाही!" ती उसळली.

त्याने खिशातून मूठभर दाणे काढून ताटाशेजारी ठेवले. तिने एक दाणा चिमटीत धरून उजेडाकडे नेला, आणि तिला उमगलं. दाणा भरायची वेळ आली की पानाने आपलं एन्झाइम मोडून त्यातलं नत्र ओंबीकडे धाडायचं असतं. तिचं लाडकं पान मात्र सगळं धरून बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती सरांकडे गेली. सरांनी पाहुण्यांसाठी केस ताजे काळे केले होते.

"सर, कार्यक्रम पुढे ढकला. दाणा भरत नाहीये."

"पाहुण्यांना हिरवं दिसेल. तू नुसती हसत उभी राहा. माझ्यानंतर ही खुर्ची तुझीच आहे."

खुर्चीचं हे गाजर ती कधीपासून बघत होती. आज तिला त्याची चीड आली.

कार्यक्रमाच्या दिवशी पाहुण्यांनी हिरव्या वाफ्याचं तोंडभरून कौतुक केलं. मग एका कंपनीच्या बाईंनी विचारलं, "आणि एकरी उतारा कसा आहे?"

सर बोलायच्या आत खलबत्त्याने एक ओंबी तोडली, तळहातावर चोळली, फुंकर मारून कोंडा उडवला. मग शेजारच्या पिवळ्या गव्हाची ओंबी दुसऱ्या हातावर चोळली. दोन्ही हात बाईंपुढे धरले. एकीकडे सुरकुतलेले दाणे, दुसरीकडे टपोरे.

"तुम्हीच सांगा, यातला कुठला पेराल?"

बाईंनी टपोरा दाणा उचलला. पाहुणे पांगले.

"आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलास!" सर दातओठ खात म्हणाले.

"माझ्याच पायावर ना? पेरणाऱ्यांच्या तर नाही."

"प्रयोगशाळेची किल्ली दे."

तिने ती जुडग्यातून आधीच काढून ठेवली होती. सरांच्या हातावर ठेवून ती म्हणाली,

"हा गहू मी सोडणार नाही, सर. या पिवळ्याशी त्याचा संकर करणार. इथे जागा नसेल तर घराच्या गच्चीवर, कुंड्यांत. पानात दम हवाच. पण वेळ आली की पिवळं होऊन सगळं दाण्याला देणारं पान हवं."

"हे तुला कोणी शिकवलं?"

"तुम्ही नाही," ती म्हणाली. "तुम्हाला पिवळं होणं जमलंच नाही."

सरांचा हात नकळत काळ्याभोर केसांकडे गेला. तिने हातावरचा कोंडा झटकला आणि वाफे ओलांडून ती पहिल्यांदाच दाण्यांच्या इमारतीत शिरली.