एकाच जागी पाच

"सर, पाचही छर्रे चुकीच्या जागी, पण अगदी एकाच जागी लागले, तर काही बक्षीस वगैरे असतं का?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून टकळीने सगळ्या शूटिंग रेंजसमोर विचारून टाकलं. मागे त्या तिघी तोंड दाबून हसत होत्या. टकळीलाही हसू येत होतं, पण आज हसण्यावारी नेऊन चालणार नव्हतं. बाबांनी महिन्याची मुदत दिली होती: एकदा तरी मधोमध नेम लावून दहा गुण मार, नाहीतर रायफल बंद, गणिताची शिकवणी सुरू. आज शेवटचा दिवस.

सर हसले नाहीत. त्यांनी तिच्या टार्गेटवर, डावीकडे खाली, एक नाणं ठेवलं. पाचही भोकं झाकली गेली.

"माझं बघा ना, सर!" टकळीचा दादा पुढे घुसला. त्याच्या कागदाची पार चाळणी झाली होती. "हा बघा दहा!"

"आहे खरा. बाकीचे चार कुठे फिरायला गेले?"

"रायफलच वाकडं मारते. मी दर वेळी नेमाचा स्क्रू फिरवून बघतो."

"दर छर्‍याला?"

"मग काय!"

"आणि तुझ्यानंतर ही रायफल कोण घेतं?"

सगळ्यांच्या माना टकळीकडे वळल्या. तिने डोळे बारीक करून दादाकडे पाहिलं. दादाला एकदम बुटाची नाडी बांधायची आठवण झाली.

"हिची चूक दर वेळी तीच," सर म्हणाले, "म्हणून ती स्क्रूने सुटेल. तुझी दर वेळी नवी. त्याला सरावच हवा."

त्यांनी वरचा स्क्रू फिरवला, मग बाजूचा. टिक, टिक, टिक. टकळीने श्वास रोखून चाप ओढला. नऊ. पुन्हा. दहा! मैत्रिणी एवढ्या किंचाळल्या की सरांनी त्यांना बाहेरच काढलं.

घरी तिने कागद थेट बाबांच्या चहाच्या कपाखाली सरकवला.

"एकच तर दहा!" दादा कुरकुरला.

"अटही एकाचीच होती," आई म्हणाली.

टकळी खुर्चीवर चढून उभी राहिली. "आई, बाबा, नीट ऐका. मी रायफल सोडत नाहीये. शिकवणी हवीच असेल तर दादाला लावा. आणि उद्यापासून पहिली पाळी माझी. हा माझ्यानंतर!"