शेंदरी सायकल

"काळा?" सुनीती म्हणाली. "बाबा, हा तर काळा आहे."

श्यामरावांची कल्पना होती की ती आज येणार नाही. भवानीपुरातलं हरिपद मिस्त्रीचं दुकान घरापासून दोन गल्ल्यांवर होतं, पण तेवढं चालणंही सुनीतीला जड जायचं. आणि आता ती दारात उभी होती, एक हात चौकटीवर टेकलेला, कपाळावर घाम. समोर तुळईला दोरानं टांगलेली तिची सायकल. काळी कुळकुळीत.

"सगळ्या सायकली काळ्याच असतात," श्यामराव म्हणाले. हे उत्तर किती पोचट आहे ते त्यांचं त्यांनाच कळलं.

"हरिपददा, मैंने कौन सा रंग बोला था?"

हरिपदनं बापलेकीकडे आळीपाळीनं पाहिलं आणि विडी पेटवायला घेतली. "दीदी, आपने बोला नारंगी. बाद में बाबू आया, बोला काला. हम किसका सुनेगा?"

श्यामराव कुणाला फसवणारे गृहस्थ नव्हेत. फोर्ट विल्यममधल्या लष्करी हिशेबाच्या कचेरीत ते बारा वर्षं कारकुनी करत होते आणि साहेबाला अजून त्यांचं नाव नीट घेता येत नव्हतं. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. उलट बरंच वाटे. ट्राममध्ये शेवटच्या बाकावर बसावं, सभेला गेलंच तर खांबाआड उभं राहावं, असा त्यांचा स्वभाव. युद्धाच्या काळात पुण्याहून बदली होऊन आले, आणि मग स्वराज्य येऊनही आठ वर्षं झाली, तरी बाजारात घासाघीस करायची वेळ आली की ते पत्नीला, सरलाबाईंना, पुढं करत.

अशा माणसानं ही सायकल बनवायला काढली होती. सुनीतीला विसाव्या वर्षी मणक्याचा क्षय झाला. दोन वर्षं ती प्लॅस्टरच्या साच्यात उताणी पडून होती. दुखणं गेलं, पण पाठ आधाराशिवाय फार वेळ ताठ राहीना. ट्रामच्या गर्दीतला एक धक्काही डॉक्टरांना नको होता. मागं टेकून बसली की मात्र तिला काही होत नसे, आणि पाय तर ठणठणीत होते. पदपथावर मिळालेल्या एका जुन्या फ्रेंच मासिकात श्यामरावांना एक चित्र दिसलं. एक माणूस आरामखुर्चीत रेलल्यासारखा बसून, पाय पुढं लांब करून सायकल चालवत होता. ते पान घेऊन ते हरिपदकडे गेले. हरिपद आधी हसला, मग त्यानं चित्र उलटं धरून बघितलं, मग म्हणाला, होईल.

आणि झाली. लांबलचक सांगाडा, पुढं लहान मुलाच्या सायकलचं चाक, त्याच्याही पुढं पायडल, दोन साखळ्या जोडून केलेली एक साखळी, बैठकीखाली बाबागाडीच्या स्प्रिंगा आणि वर वेतानं विणलेली आरामखुर्चीची पाठ. महिनाभर सुनीती त्या कच्च्या सांगाड्यावर दुकानामागच्या बोळात शिकत होती. राहिला होता फक्त रंग.

आणि सोमवार तोंडावर आला होता. मुलींच्या एका शाळेत तिला गणित शिकवायला घ्यायला सेक्रेटरीबाबू तयार झाले होते, पण एका अटीवर. आजारी बाईची जबाबदारी शाळा घेणार नाही. सोमवारी पहिल्या घंटेला ती एकटी, आपली आपण शाळेत पोचली तर वर्ग तिचा, नाहीतर दुसऱ्या बाई तयारच आहेत.

"लोक बघत राहतील गं," श्यामराव हळूच म्हणाले. "काळी असली म्हणजे पटकन नजरेत येत नाही."

"तेच तर म्हणते मी. मी बसणार ट्रामच्या चाकाएवढ्या उंचीवर. ड्रायव्हरच्या नजरेत नाही आले तर?"

 हे श्यामरावांच्या डोक्यातच आलं नव्हतं. लोकांच्या नजरा चुकवायच्या एवढंच त्यांना ठाऊक.

सुनीती जवळ आली. आवाज खाली आणून म्हणाली, "दोन वर्षं छताकडे बघत पडले होते, बाबा. घरी जो यायचा तो दारातूनच 'कशी आहे?' असं आईला विचारायचा. मला नाही, आईला. आता कुणी माझ्याकडे बघितलं ना, तर मला चालेल."

 श्यामरावांनी हरिपदकडे पाहिलं. "मिस्त्री, उद्या नारंगी मार दो."

"कल?" हरिपदनं विडी बाजूला ठेवली. "कल तो विश्वकर्मा पूजा, बाबू. कल औजार को हाथ नहीं लगाएगा. ब्रश भी औजार."

"पण औजारांची पूजा तर दसऱ्याला..." श्यामराव म्हणाले आणि थांबले. आज शुक्रवारपर्यंत काळा वाळेल, शनिवारी हरिपद सोनेरी रेघ ओढेल, रविवारी सराव, हा सगळा बेत त्यांनी पुण्याच्या पंचांगावर बांधला होता. बारा वर्षं ज्या गावात राहिलो, तिथले कारागीर हत्यारं कधी खाली ठेवतात तेही आपल्याला माहीत नाही, याची त्यांना लाज वाटली. बाहेर हत्तीवर बसलेल्या विश्वकर्म्याची मूर्ती हातगाडीवरून येत होती. हरिपदचे पकड-पाने घासूनपुसून पाटावर मांडून झाले होते.

"तो आज?"

"आज ब्रश धो दिया. और आज मारेगा तो भी भादों की हवा में सूखेगा नहीं." पण त्यानं फळीवरून शेंदरी एनॅमलचा डबा, एक ब्रश आणि पॉलिशपेपर काढून श्यामरावांच्या हातात ठेवला. "घर में आप मारो. पतला मारना, बाबू. मोटा मारेगा तो दशहरा तक चिपकेगा."

*

शनिवारी श्यामरावांनी रजा टाकली आणि बनियनवर अंगणात बसले. सायकल दोन स्टुलांवर आडवी ठेवली होती. पॉलिशपेपरनं काळ्याची चमक घालवली, डबा उघडला, ब्रश बुडवला, आणि मान वर केली तर तिन्ही मजल्यांचे कठडे माणसांनी भरलेले. पूजेच्या दिवशी आख्खं कलकत्ता गच्चीवर पतंग उडवतं. या वाड्यातल्या लोकांना आज खालीही बघायला काहीतरी होतं.

"ओ मोशाई, की कोरछेन?" वरून कुणीतरी ओरडलं. काय करताय, म्हणून.

श्यामरावांनी मान खाली घातली. पहिला फराटा वाकडा गेला. मग पातळ, अगदी पातळ, नळीच्या कडेनं ते रंग ओढत गेले. दोनदा कापलेले पतंग गिरक्या घेत अंगणात उतरले आणि दोन्ही वेळा त्यांनी ब्रश टाकून छत्रीनं ते परतवले. वरच्या मजल्यांवरून टाळ्या पडल्या. कान तापले त्यांचे, पण ते उठले नाहीत.

सरलाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "मारुतीला फासतात तसा फासलाय," म्हणाल्या.

"पातळ आहे," श्यामराव म्हणाले.

"मी रंगाबद्दल बोलत नाहीये." त्यांचा आवाज एकदम चढला. "पोरगी अंथरुणावरून उठावी म्हणून दोन वर्षं मी देव पाण्यात घालून बसले होते. कूस बदलायला रात्रीत चार-चार वेळा उठत होते. आणि तुम्ही तिला परत आडवी करून रस्त्यावर सोडताय? ट्रामच्या पुढ्यात?"

"आडवी नाही गं. रेललेली."

"शब्दांत पकडू नका मला."

त्या आत गेल्या. त्या सायकलीकडे त्यांनी महिनाभर नजर टाकली नव्हती. आजही रंगाकडे बघितलं ते नाइलाजानं.

रविवारी आभाळ भरून आलं आणि हवा ओल्या पंच्यासारखी अंगाला चिकटायला लागली. श्यामरावांनी दुपारी बैठकीच्या खालून, कुणाला दिसणार नाही अशा जागी, करंगळी टेकवून पाहिली. चिकट. संध्याकाळी पुन्हा. चिकटच. त्यांनी विंझण्यानं वारा घातला. मग कोळशाची शेगडी आणून जवळ ठेवली.

"राख उडून चिकटेल त्याला, एवढंही कळत नाही?" सरलाबाई आतून आल्या आणि शेगडी उचलून घेऊन गेल्या.

सुनीती खाटेवर पडल्या पडल्या बघत होती. "नाही वाळला तर तसाच नेईन," ती म्हणाली. "साडी चिकटली तर चिकटली."

"नवा रंग उखडेल गं सगळा."

"उखडू दे. उद्या नाही गेले तर कधीच नाही."

हे खरं होतं म्हणूनच श्यामरावांना झोप लागेना.

*

सोमवारी तांबडं फुटताच ते अंगणात गेले. हवा थोडी सुकली होती. करंगळी टेकवली. वरवर का होईना, कोरडा! त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि सायकल उजेडाकडे वळवली.

पुढच्या नळीवर, अगदी दर्शनी भागात, रंगात एक बोट रुतलं होतं. त्यात कुंकू दाबलेलं, शेजारी हळदीचं पिवळं. रंग ओला असतानाच कुणीतरी लावलं होतं, आणि आता ते रंगाबरोबर वाळून पक्कं झालं होतं.

"हे कुणी केलं?" ते ओरडले. या घरात श्यामराव ओरडले, हीच बातमी होती. "दोन दिवस राखला मी हा रंग! पतंगापासून राखला, राखेपासून राखला!"

सरलाबाई पदराला हात पुसत आल्या. डोळे सुजलेले. "नवं वाहन कुंकू न लावता दाराबाहेर काढायची आमच्याकडे पद्धत नाही."

"अगं, पण ओल्या रंगात?"

"मला काय माहीत ओला आहे!" आणि मग त्यांचा बांध फुटला. "जोरात दाबलं. घट्ट लागावं म्हणून दाबलं. पुसून जाऊ नये रस्त्यात."

श्यामरावांनी खाली वाकून पाहिलं. बोटाच्या बारीक रेषासुद्धा उमटल्या होत्या. रागवायला त्यांच्याजवळ काही उरलं नाही.

सुनीती बाहेर आली, निऱ्या वर खोचून पिना लावलेली. तिनं तो ठसा पाहिला, आईकडे पाहिलं आणि वेताच्या पाठीला टेकून बसली.

अट एकटीनं जायची होती. श्यामराव दारातच थांबणार होते. पण सायकल गल्लीच्या तोंडाशी गेली तशी त्यांच्या पायांनी ऐकलं नाही, आणि छत्री काखेत मारून ते हाजरा रोडच्या कोपऱ्यापर्यंत गेले. तिला दिसू नये म्हणून पानाच्या ठेल्याआड उभे राहिले. आड उभं राहायची सवय होतीच.

रस्ता थबकला होता. दूधवाला थांबला, रिक्षावाला हातातले दांडे खाली टेकून बघायला लागला. सुनीती कुणाकडे न बघता पुढं सरकली. ट्रामचे रूळ सरळ आडवे ओलांडायचे, तिरपं गेलं की चाक खाचेत अडकतं, हे तिला शंभरदा सांगून झालं होतं. ती सरळच गेली. पण नेमकी रुळांवर असताना पुढची हातगाडी अडली. सुनीतीला थांबावं लागलं.

आणि वळणावरून ट्राम आली.

टण टण टण टण. श्यामरावांची छत्री खाली पडली. ओरडावं तर ती दचकेल, धावावं तर अंतर फार. हातगाडीवाला शिव्या देत चाकाला खांदा लावत होता. ट्राम येतच होती. मग घंटा थांबली. ड्रायव्हर खिडकीतून वाकून त्या शेंदरी वस्तूकडे बघत होता, बऱ्याच लांबून बघत असावा, कारण ट्राम केव्हाच मंदावली होती. ती खडखडत येऊन पुरेशी अलीकडे उभी राहिली. हातगाडी हलली. सुनीतीनं पायडल मारलं, एकदा डुगडुगली, सावरली आणि पलीकडे गेली.

"के रे ओटा?" पानवाला मान लांब करून म्हणाला. कोण आहे रे ती? "पागोल ना की?"

श्यामराव ठेल्याआडून बाहेर आले. रस्ताभर माणसं उभी होती आणि ते त्या सगळ्यांच्या समोर, नखांत शेंदरी रंग भरलेला असा हात वर करून म्हणाले, "आमार मेये."

माझी मुलगी. बारा वर्षांत बंगालीत ते इतक्या मोठ्यानं काही बोलले नव्हते. सगळे आता त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांनी सावकाश छत्री उचलली आणि रस्त्याच्या मधून चालत कचेरीची ट्राम पकडायला गेले.

संध्याकाळी ते परतले तेव्हा सायकल अंगणात होती, रंगात रस्त्याची धूळ बसलेली. सुनीती खाटेवर आडवी होऊन पाठ शेकत होती. सरलाबाई गरम पाण्याची पिशवी धरून बसल्या होत्या.

"सेक्रेटरीबाबू फाटकातच उभे होते," सुनीती म्हणाली. "म्हणाले, रंग फार भडक आहे, मुली खिडकीतून बघत बसतात. उद्यापासून मागच्या फाटकानं येत जा."

"मग?"

"मी म्हटलं, पुढच्याच फाटकानं येईन."

"आणि ते काय म्हणाले?"

"म्हणाले, वेळेवर या."

दिवेलागणीच्या आधी हरिपद आला, लांब केसांचा रेघेचा ब्रश आणि सोनेरी रंगाची वाटी घेऊन. सायकलीभोवती एक चक्कर मारली, श्यामरावांच्या फराट्यांना नावं ठेवली आणि पुढच्या नळीशी येऊन थबकला. "ये क्या हुआ? घिस देता हूँ. दो मिनट का काम."

सरलाबाई दारात होत्या. 

"घिसना नहीं," श्यामराव म्हणाले.

"तो लाइन कैसे जाएगा? बीच में आता है."

"बाजू से ले जाओ."

हरिपदनं आयुष्यात वाकडी रेघ ओढली नव्हती आणि तसं त्यानं दोनदा बोलूनही दाखवलं. मग उकिडवा बसला, श्वास रोखला आणि ब्रश टेकवला. रेघ मागच्या चाकापासून सरळ निघाली, वेताच्या पाठीखालून पुढं आली, कुंकवाच्या बोटापाशी जराशी वर वळली, त्याला वळसा घातला आणि पुन्हा सरळ होऊन पुढच्या चाकाकडे गेली.